एफी आत्याची नजर

शिकारीचे दिवस आले की आमच्या गावातले पुरुष आधी एफी आत्याच्या दारात यायचे. चहा प्यायचे आणि विचारायचे, "आत्या, काय दिसलं?" ती फक्त स्वतः पाहिलेलं सांगायची, ऐकीव एक शब्द नाही. तिच्या शब्दावर गावाचं हिवाळ्यातलं मांस ठरायचं. आमच्यात माणूस दारूबद्दल खोटं बोलेल, बायकोशी खोटं बोलेल, पण जनावराबद्दल कधीच नाही. जनावरं ऐकतात आणि रुसून निघून जातात.

मग तिला काचबिंदू झाला. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसायचं. व्हाइटहॉर्स शहरातल्या डॉक्टरांनी तेही जाणार म्हणून सांगितलं. तिथून तिला गाडीनं घरी सोडायला तिचा मुलगा लायल दक्षिणेतल्या शहरातून आला होता. मी तिची भाची, मागच्या सीटवर सामानात दबलेली.

पाऊस सकाळपासून उसंत देत नव्हता. आत्या पुढच्या काचेला नाक लावून बसली होती.

"हळू घे रे. उजवीकडे काळं हललं."

खरंच अस्वल होतं, रस्त्याकडेचं गवत खात होतं.

"आजोबा जेवताहेत. टक लावून बघू नका," ती म्हणाली. अस्वलाला आम्ही नावानं हाक मारत नाही.

पुढे दलदलीत तिला मूसची, घोड्याएवढ्या थोराड सांबराची, मादी दिसली. तीही मला आधी दिसली नव्हती. आत्या खुशीत आली. "तळ्याजवळच्या माळावर थांबशील ना? कॅरिबू हरणांचे कळप तिथूनच उतरतात. एकदा बघू दे, मग गेले डोळे तर जाऊ देत."

"आई, मला परत जाऊन विमान गाठायचंय."

तरी थांबला. माळावर नुसतं धुकं. आत्या बघतेय, बघतेय. लायलची बोटं स्टिअरिंगवर टकटक करत होती. शेवटी तो म्हणाला, "ते बघ! टेकडीच्या पायथ्याशी. केवढा कळप!"

"कुठे रे?"

"माझ्या बोटाच्या रेषेत. पिल्लंही आहेत. चालले बघ वर."

मी वाफ धरलेली काच पुसेपर्यंत तो म्हणाला, "गेले."

"हो, काहीतरी पांढुरकं सरकलं खरं," आत्या म्हणाली आणि रडली. जनावराबद्दल कुणी थाप मारेल, हे तिच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. पोटच्या पोराचे डोळे तिनं आपलेच धरले.

तिनं गावाला सांगितलं. शिकाऱ्यांचा म्होरक्या अँगस सगळ्यांना घेऊन त्या माळावर गेला आणि पावसात कुडकुडत बसला. ना खूर, ना लेंडी. तेवढ्यात खरा कळप उत्तरेच्या खिंडीतून निघून गेला. अँगस परत आला तो थेट तिच्या दारात. "आत्या, आता आराम करा. पोरांना उगाच भिजवू नका." बरोबरचे हसले.

आत्यानं मला लायलला फोन लावायला सांगितलं.

"अगं, काही नव्हतं तिथं," तो हसत म्हणाला. "तुला बरं वाटावं म्हणून बोललो. एवढं काय त्यात?"

तिनं फोन ठेवला. "कुणाला सांगायचं नाही."

"का? खोटं तो बोलला आणि हसं तुझं?" मी भडकले.

"मला हसतील, एवढंच. त्याला गावात पाय ठेवू देणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी ती अँगसकडे गेली आणि "माझ्याच डोळ्यांची चूक झाली," असं सांगून आली. पुढच्या वर्षी शिकारीच्या दिवसांत ती किटली ठेवून बसली. कुणी आलं नाही. त्यानंतरही नाही. मला त्या पुरुषांचा राग येतो, पण त्यांना काय ठाऊक होतं?

गेल्या महिन्यात आत्या गेली. लायल विमानानं आला, चांगला कोट घालून. गावानं त्याला मायेनं जवळ घेतलं. कबरीपाशी अँगस बोलला. "बाई सोन्यासारखी. शेवटी नजर गेली आणि नाही ते दिसायला लागलं, तिचा काय दोष?"

लायलनं मान डोलावली.