भुजंगरावांच्या नाताळच्या गोष्टी

भोकरदनला माझ्या शेजारी भुजंगराव एकटेच राहतात. पस्तीस वर्षं ते कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. पत्नी दैवशालाबाई गेल्या त्याला चार वर्षं झाली. मुलगा सूरज पुण्यात. त्यांच्या लोखंडी पेटीत मराठीत उतरवलेल्या परदेशी चित्रकथा आहेत, त्याही फक्त नाताळच्या.

त्यांचे वडील त्याच जिनिंगमध्ये हमाल. किराणा दुकानाच्या रद्दीतून ते ही पुस्तकं आणायचे, आणि लहानग्या भुजंगला त्यांतला बर्फ म्हणजे कापूस वाटायचा. डिसेंबरात जिनिंगच्या पत्र्यांवर, बाभळींवर कापसाचे पुंजके अडकलेले असत. चित्रातली छपरं, झाडंही तशीच पांढरी.

"म्या म्हणलं, ह्या लोकायचं जिनिंग आपल्यापेक्षा मोठं दिसून राह्यलं," ते सांगतात. "घरातलेच वाटायचे ते लोक. बर्फ हाय म्हणून मास्तरानं सांगितलं, तवर गोष्टी पाठ झाल्त्या."

गोष्टी सगळ्या एकाच वळणाच्या. कुणीतरी दूर असतं, रस्ते बंद होतात, घरी ताट वाढून ठेवलेलं असतं, आणि अखेर माणूस पोचतो. मी एकदा विचारलं, शेवट ठाऊक असताना वाचता कशाला? म्हणाले, "ठाऊक हाय म्हणूनच."

यंदा नाताळच्या सुट्टीत सूरज त्यांच्या नातीला, पायलला, घेऊन येणार होता. भुजंगरावांनी पुस्तकं उन्हात घातली, फाटकी पानं खळीनं चिकटवली. मी कचेरीतल्या सवयीनं ती सालवार लावायला घेतली, तर म्हणाले, "साहेब, इथं ऑफिस नका करू. पोरीला आवडतील तशी ठेवा."

पंचवीस तारखेला सकाळी सूरजचा फोन आला. रजा मिळाली नव्हती.

दुपारी पायल व्हिडिओवर आली. भुजंगराव गोष्ट वाचू लागले. मी पानांवर फोन धरून बसलो. कापसाचं ऐकून ती खूप हसली. थोड्या वेळानं तिला कुणीतरी हाक मारली. ती न बोलता उठून गेली. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली.

भुजंगरावांचे डोळे पुस्तकात होते. म्हातारीचा वेगळा, गाडीवानाचा वेगळा, असे आवाज काढत ते वाचत राहिले. शेवटची ओळ दोनदा वाचली.

"बघून राह्यली ना?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग दुसरं घेऊ."

त्यांनी पुढचं पुस्तक उघडलं. मी फोन त्यावर धरला.