सदर-ए-अमरीका, मुक्काम चिक्कडपल्ली

मुखेडकर सरांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातच ऐकू आलं, "बाविसावा पडला गं, बाविसावा पडला!" मला वाटलं, घरातलं कुणी पायऱ्यांवरून कोसळलं. चपला तशाच टाकून आत धावलो. आत सर सतरंजीवर एक जाडजूड पुस्तक उघडून बसले होते आणि काकू भिंतीला टेकून चिंचेचा कोवळा पाला, म्हणजे चिगूर, निवडत होत्या. "पडू द्या मेल्याला," मान वर न करता काकू म्हणाल्या, "चार वर्षांनी उठणारच आहे की."

बाविसावा म्हणजे अमेरिकेचा बाविसावा अध्यक्ष. तो निवडणूक हरला, चार वर्षं घरी बसला, पुन्हा उभा राहिला आणि चोविसावा अध्यक्ष झाला. बाविसावा तोच चोविसावा, ह्याचा सरांना एवढा आनंद होता की त्याच्या बारशाला हेच घुगऱ्या खाऊन आले असावेत. हैदराबादेत चिक्कडपल्लीतल्या भाड्याच्या घरात राहणारा, मराठवाड्यातल्या शेतकरी घरातला हा इतिहासाचा प्राध्यापक. मोसंबी विकत घेताना घासाघीस जमायची नाही, पण अमेरिकेत कोण कुठल्या गावी कोणतं आश्वासन देऊन निवडून आलं, हे तोंडपाठ. अमेरिका त्यांनी पाहिली नव्हती. मुंबईसुद्धा पाहिली नव्हती.

अध्यक्षांची नावं सर घेत नसत. "नावं उर्दूत एक, मराठीत दुसरी, इंग्रजीत तिसरी होतात," ते म्हणत. "आकडा कुठेही न्या, आकडाच राहतो. भाषांतरवाल्यांच्या हाती माणूस सापडला की संपला, दत्ता." दत्ता म्हणजे मी. हे वाक्य पुढे माझ्याच गळ्यात पडणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

सरांनी मला बोलावलं होतं ते माझ्या निबंधासाठी. मराठी मंडळाच्या स्पर्धेत मी तो दिला होता आणि परीक्षक सर होते. माझं शिक्षण सगळं उर्दूत झालेलं. मराठी घरात बोलायचो, लिहायची म्हटली की घाम फुटायचा. सरांनी कागद पुढे टाकला. प्रत्येक 'इ'भोवती लाल शाईचं वर्तुळ होतं. "इतिहासावर लिहितोस आणि 'इ'च धड नाही! एवढी लांब शेपटी कुणाची रे ही, वानराची? दर रविवारी यायचं." असे चार वर्षं रविवार गेले. माझी मराठी सुधारली. 'इ'ची शेपटी काही गेली नाही.

कॉलेजात सरांच्या विषयाला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. प्राचार्यांना वाटे, हा गृहस्थ विलायतेचा इतिहास शिकवतो. एका संमेलनात प्राचार्य दीड तास बोलले, तेव्हा सर शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "नववा असाच थंडीत लांबलचक भाषण करून महिन्याभरात गेला." सरांचं कुजबुजणं मागच्या रांगेपर्यंत ऐकू यायचं. त्या वर्षी परीक्षेचा पहारा त्यांना गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मिळाला.

एकदा सर स्वतः निवडणुकीला उभे राहिले, मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाच्या. समोर सिकंदराबादचे एक कापडाचे व्यापारी. ते घरोघर फिरले, बायकांच्या तब्येती विचारल्या, पोरांच्या हातावर पेपरमिंट ठेवलं. सर ओसरीवर बसून राहिले. "तेविसावा घरची ओसरी न सोडता जिंकला. लोक रेल्वेने त्याच्या दारी येत. मत मागायला बाहेर पडलं की माणूस लहान होतो." सरांच्या ओसरीवर पंधरा दिवसांत दूधवाला आला, घरमालक आला आणि मी. तिघांपैकी मतदार एकटा मी. निकालात सरांना एकच मत पडलं. सर स्वतःला मत देणं असभ्य समजत आणि काकूंनी व्यापाऱ्याला दिलं होतं. "अध्यक्ष झाले असते तर अजून बोलले असते," काकूंनी मला चहा देताना सांगितलं.

सर मात्र खूश. हरलेल्यांवर त्यांचा जीव होता. "जिंकलेले सगळे सारखेच दिसतात रे, माणूस कळतो तो हरताना." मग ते चोविसाव्याची गोष्ट सांगत. परत उभा राहिला तेव्हा समोर तोच ओसरीवाला तेविसावा होता, आणि त्याची बायको मरणाच्या दारात. तर ह्यानेही प्रचाराला जायचं सोडून दिलं. "समोरच्याच्या घरात आजारपण आहे ना? मग तोंड मिटून बसायचं. पडलो तर पडलो." ही गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली असेन. ऐकताना माझं लक्ष काकूंच्या भज्यांकडे असायचं, खोटं कशाला बोलू?

मग राज्यांच्या फेरमांडणीचं वर्ष आलं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार, कुणी आंध्रात, कुणी म्हैसुरात, कुणी मुंबई राज्यात. नोकरदारांच्या घरात दुसरा विषय नव्हता. प्रत्येकाला पसंतीपत्र भरायचं होतं. सरांनी एका फटक्यात 'हैदराबाद' लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "अमेरिका येथून जवळ पडते." त्यात खोटं काही नव्हतं. शहरातल्या एका वाचनालयात अमेरिकेची वर्तमानपत्रं बोटीने यायची, दोन-तीन महिने शिळी. त्यांच्यावरच सरांचं वीस वर्षांचं पुस्तक उभं राहत होतं. त्यात त्या वर्षी तिकडेही अध्यक्षाची निवडणूक. रेडिओवर निकाल लागला तरी सरांना सांगायची बंदी होती, कारण ते अजून उन्हाळ्यातला प्रचार वाचत होते. एकच प्रकरण राहिलं होतं. "हे वाचनालय आणि एक वर्ष, एवढं मिळालं की बस," ते म्हणायचे. काकू म्हणायच्या, "आपली माणसं तिकडं हायेत, पर ह्यांची अमेरिका हितंच पडली ना बाबा."

मला त्याच धामधुमीत सरकारी भाषांतराच्या कचेरीत हंगामी नोकरी लागली. सरांच्या रविवारांमुळेच लागली. हुकूम असा होता की मराठी मुलखातल्या सगळ्या नोकरदारांची सेवापुस्तकं उर्दूतून मराठीत करायची, कोण कुठे जाणार ते मागाहून ठरेल. गठ्ठेच्या गठ्ठे यायचे. आमचे मुंतजिमसाहेब, म्हणजे कचेरीचे प्रमुख, पान चघळत सांगायचे, "मियाँ, दिमाग नक्को लगाओ. मक्खी पे मक्खी मारो. हौर सुनो, जिसकी गलती निकली, उसकी छुट्टी." घरी आई अंथरुणाला खिळलेली, रोज इंजेक्शन. मी दिमाग बाजूला ठेवून माशीवर माशी मारू लागलो, समोरची ओळ जशीच्या तशी उतरवू लागलो.

सरकारी मराठीत प्रत्येक वाक्याची सुरुवात 'सदर इसम' अशी करायची. सदर म्हणजे वर सांगितलेला. सदर इसम अमुक गावचे. सदर इसम तमुक परीक्षा उत्तीर्ण. हात आपोआप चालायचा. आता उर्दूत सदर म्हणजे अध्यक्ष, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, मी शाळाच उर्दूत शिकलो! पण सरांच्या सेवापुस्तकात कुण्या कारकुनाने गिचमिड अक्षरात लिहिलं होतं की 'सदर-ए-अमरीका के इंतख़ाबात', म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुका, हा ह्यांचा खास विषय असून बरसों से इसी में मसरूफ़ हैं. मी नाव पाहिलं, हसलो, आणि सवयीने लिहून मोकळा झालो, 'सदर इसम अमेरिकेच्या निवडणुकांत बरीच वर्षे गुंतलेले आहेत.'

पंधरा दिवसांनी सरांकडे गेलो तर सर ओसरीवर येरझारा घालत होते, हातात सरकारी लिफाफा. "दत्ता, सरकारने माझ्या विषयाची चौकशी केली! वीस वर्षांत पहिल्यांदा!" मी कागद वाचला. 'आपण परदेशी निवडणुकांत किती वर्षांपासून व कोणत्या पक्षातर्फे गुंतलेले आहात, याचा सात दिवसांत खुलासा करावा.' सोबत नोंदीची नक्कल जोडलेली. माझ्याच हातची. मी ती घडी घालून परत लिफाफ्यात सरकवली. सर मात्र गालात हसत म्हणाले, "कोणत्या पक्षातर्फे! काय सुंदर प्रश्न आहे!"

सरांनी खुलासा लिहिला, चाळीस पानांचा. पहिल्या अध्यक्षापासून सुरुवात, खाली तळटिपा. शेवटी प्रामाणिकपणे हेही जोडलं की सदर इसमाने एक निवडणूक प्रत्यक्षात लढवली असून ती मराठी मंडळाची होती व तीत त्याला एक मत पडलं. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बघ रे दत्ता, काय लिहायलेत! ह्यांना कुणी वेळ विचारली तर घड्याळाचा इतिहास सांगतील." आमच्या कचेरीत त्या खुलाशाची पानं हातोहात फिरली. मुंतजिमसाहेब हसून हसून ठसकले, सरांना 'हौला', म्हणजे खुळा, म्हणाले. "क्या हौला प्रोफेसर है! एक लकीर में बोल देता, मास्टर हूँ, पढ़ाता हूँ, बात खतम." सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं आजही आठवलं की मला माझीच शरम वाटते.

मी दर रविवारी कबूल करायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. आईची इंजेक्शनं डोळ्यांपुढे यायची. मनाची समजूत घालायचो की चाळीस पानं वाचून कुणाच्याही लक्षात येईल, माणूस निव्वळ मास्तर आहे. पण चाळीस पानं वाचतो कोण? वरचा अधिकारी शेवटच्या पानावर गेला, तिथे त्याला 'एक निवडणूक प्रत्यक्षात लढवली' एवढंच दिसलं. शेरा आला, 'चौकशी चालू असल्याने सदर इसमाची पसंती विचारात घेता येत नाही. मूळ जिल्ह्यात वर्ग करावे.' म्हणजे मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, हायस्कुलावर. तिथे मुंबईचा पेपरसुद्धा दुसऱ्या दिवशी यायचा, अमेरिकेचा कुठला?

सिकंदराबाद स्टेशनवर पोचवायला मी एकटाच होतो. मंडळाचे अध्यक्ष येणार होते, पण त्यांच्या दुकानात सेल होता. काकू डब्यात लोणच्याच्या बरण्या लावत होत्या. कागदांची ट्रंक बाकाखाली सरकवून सर खाली उतरले. माझ्याने राहवेना. "सर, ती नोंद..." एवढं बोललो आणि रडायलाच लागलो. सरांनी खिशातून रुमाल काढून दिला.

"नक्कल आली त्याच दिवशी ओळखलं रे," ते म्हणाले. "'इसम'च्या 'इ'ला एवढी शेपटी हैदराबादेत दुसरं कोण काढतं?"

"मग एक ओळ का नाही लिहिली, सर? भाषांतर चुकलंय, एवढीच! चाळीस पानं कशाला लिहिलीत?"

"एक ओळ लिहिली असती तर त्यांनी विचारलं असतं, भाषांतर कुणाचं? चाळीस पानांत कुणाला तो प्रश्न सुचत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "तुझी आई आजारी. समोरच्याच्या घरात आजारपण असताना मी प्रचार करू? वीस वेळा ती गोष्ट सांगितली, तुझं लक्ष भज्यांत!" गाडी हलली तेव्हा दारात उभं राहून ओरडले, "बाविसावा चाललाय. चोविसावा होऊन येतो. आणि निकाल सांगू नकोस हं!"

ते आले नाहीत. वाचनालयातली वर्तमानपत्रं बाहेर नेता येत नसत, म्हणून मी दर शनिवारी तिथे बसून प्रचाराच्या बातम्या हाताने उतरवायचो आणि टपालाने पाठवायचो. हेडिंगं मराठीत करायचो, तेवढी परत यायची, 'इ'भोवती लाल वर्तुळं घालून. तिकडच्या उन्हाळ्याचे पेपर संपले, पावसाळ्याचे संपले. निकालाचा अंक वाचनालयात आला, तो मी अक्षर अन् अक्षर उतरवून पाठवला. उत्तर आलं काकूंच्या हातचं. "हे परवा गेले. तुझं पाकीट त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. कोण निवडून आलं ते आता मलाच वाचून दाखवायला ये." मी गेलो, वाचून दाखवलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा कितवा म्हणायचा?" "चौतिसावाच," मी म्हणालो, "आधीचाच परत आला."

आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. मी त्याच कचेरीत कायम झालो, मुंतजिम झालो आणि पेन्शनीत निघालो. एवढ्या वर्षांत 'सदर' हा शब्द मी पुन्हा लिहिला नाही. हाताखालची पोरं विचारायची, सांगितलं कुणालाच नाही. निवृत्तीच्या दिवशी माझं सेवापुस्तक पाहायला मिळालं. त्यात मला कायम केलं त्या वर्षीचा मुंतजिमसाहेबांचा शेरा आहे, "ह्यांच्या भाषांतरात आजवर एकही चूक आढळली नाही."