परेरासरांचा निळा

परेरासरांना मी प्रथम भेटलो ते दुबईच्या रास अल खोर भागातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये. माझ्या हातून एक काच फुटली होती आणि मी कचऱ्याचा डबा शोधत होतो. "डबा नाही. इथे काच टाकत नाहीत," एवढंच ते म्हणाले. मूळचे वसईचे सर रंगीत काचांच्या खिडक्या घडवतात. पंचाहत्तरीतही ते आधी तुकडा उजेडासमोर धरतात, मग पाहुण्याला बसायला सांगतात.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्याबरोबर इंग्लंडमधलं एका जुन्या मठाचं ॲबी चर्च पाहिलं. मध्ययुगीन सरदार आपापल्या थडग्यांवर दगडात कोरलेले. हात जोडून उताणे, पायाशी कुत्रा.

"हे यांचे गौरवग्रंथ," मी म्हणालो.

सरांचं लक्ष वर खिडकीकडे होतं. "निळा उडालाय." तिथल्या वृद्ध स्वयंसेविका म्हणाल्या, तो रंग काचेतच असतो, उडत नाही. सर त्यांच्याशी अर्धा तास भांडले.

दुबईत परतल्यावर कळलं, सरांना मोतीबिंदू आहे. ऑपरेशननंतर ते थेट गेले ते इथल्या प्रार्थनागृहात, स्वतः घडवलेल्या खिडकीसमोर. मरियामातेचा झगा इतका गडद, की नजर चेहऱ्यापर्यंत जाईना. डोळ्यांना निळा कमी दिसत गेला, तसा सर तो वाढवत गेले होते. मला ते खिडकी बसवली त्या पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी 'अप्रतिम' म्हणालो होतो.

"सामंत, लेखांतून अख्ख्या दुबईची सालटी काढता. माझ्या वेळी जीभ कुठे ठेवली होती?"

"आदर वाटतो, सर."

"म्हणजे मला आत्ताच दगडात कोरलंत की!"

फादर म्हणाले, राहू द्या, लोकांना आवडलीय. सर म्हणाले, "लोकांना आवडलीय, मला दिसलीय." हात थरथरू लागले होते, ते पुरतील का, याची धास्ती त्यांनाही होती. तरी झग्याची एकेक काच त्यांनी बदलली. इंग्लंडच्या बाईंना माफीचं पत्र धाडलं. मला शिक्षा अशी, की दर शनिवारी समोर बसायचं. ते तुकडा उजेडासमोर धरायचे. "यल्ला, चला, बोला."

"गडद." पुन्हा. "अजूनही गडदच." पुन्हा.

शेवटच्या तुकड्याला मी गप्प राहिलो.

"आदर?" त्यांनी संशयाने विचारलं.

"नाही सर. चेहरा दिसतोय."

ही चूक छापणार असाल तरच माझ्या पंचाहत्तरीचा हा गौरवग्रंथ काढा, ही सरांची अट. मुखपृष्ठासाठी ग्रंथाच्या समितीने हात जोडलेला फोटो मागितला, तर म्हणाले, "एवढ्यात खलास करताय?"

सर, शंभरी गाठा, निळा निळाच दिसो, हात असेच कामात अडकलेले राहोत. शनिवारी मी येतोच आहे. दिसेल तेच बोलेन.