उंबऱ्याशी काढलेले बूट

हवालदार भास्कर विशे यांनी मला उभं केलं, हे आधी लिहितो. ते शहापूरजवळच्या सापगावचे, मी मुरबाडकडच्या वैशाखऱ्याचा. आठवीनंतर शाळा सुटली आणि मी फौजेत गेलो. चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की मला घाम फुटायचा. पत्रकारांना ट्रेनिंग देण्याचं काम युनिटला आलं, तेव्हा त्यांनी सहायक म्हणून मलाच मागून घेतलं.

"गावाला गुरं हाकायचास ना? तसाच खणखणीत बोल," म्हणाले.

पोस्टिंग काश्मीरला, सीमेवर. पुढच्या गावांत जाणाऱ्या पत्रकारांना आम्ही हेल्मेट बांधणं, तोफगोळ्याचा आवाज आला की आडवं पडणं, रक्त थांबवणं शिकवायचो. शेवटचा नियम हवालदारांचा स्वतःचा होता. कोणाच्याही घरात बूट काढायचे नाहीत.

एका बॅचला मुरबाडचा नितीन आला. पत्रकार. गावाकडची बोली ऐकून आम्हा दोघांनाही बरं वाटलं. नियम ऐकून तो हसला.

"परक्याच्या घरात बूट घालून? आयला कललं तर जेवाय नाय देणार."

"आयला सांग, हवालदाराची ऑर्डर हाय," हवालदार म्हणाले.

दुसऱ्या सकाळी गावात गेलो. मी वायरलेस सेट घेऊन बंकरच्या तोंडाशी थांबलो. नितीन एका म्हातारीशी बोलायला समोरच्याच तिच्या घरात गेला, हवालदार शेजारच्या गल्लीत होते. घरातली जमीन आमच्या ओटीसारखी सारवलेली. नितीनने उंबऱ्याशी बूट काढले.

पहिला गोळा गावामागच्या उतारावर पडला. सेट वाजला. "शेलिंग. सगळे बंकरमध्ये. ओव्हर."

हवालदार धावत आले, म्हातारीला उचलून बंकरमध्ये आणलं. माणसं मोजली. नितीन नव्हता. तो उंबऱ्यावर बसून लेस बांधत होता.

"सोड ते बूट! पळ रे!" हवालदार ओरडले.

"आलो, आलो!"

हवालदार परत गेले. कॉलर धरून त्याला उठवलं आणि पुढे ढकललं. दुसरा गोळा अंगणात पडला. नितीन माझ्या पायाशी येऊन आदळला. एका पायात बूट होता. हवालदार अंगणातच राहिले.

मी सेटवर बोललो, "एक कॅज्युअल्टी. हवालदार विशे. ओव्हर." आवाज खणखणीत निघाला. आम्ही पट्ट्या बांधल्या. गाडी येईपर्यंत ते गेले.

आता फौज सोडून मी गुजरातमध्ये एका कारखान्याच्या गेटवर नोकरी करतो. सुट्टीत सापगावला जातो. हवालदारांच्या घरी उंबऱ्याशी बूट काढतो.

"राहू दे रे, अंगण तापलंय," त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणतात.

"नाय वहिनी. इथे काढायचेच."

नितीनचा फोन येतो. शहापूर-मुरबाडची पत्रकार पोरं घाटात दरड कोसळली, कुठे जमाव भडकला की कॅमेरा घेऊन धावतात. त्यांना कोणी काही शिकवलेलं नाही. "तू ये, तू शिकव," तो म्हणतो. पुन्हा चार माणसांसमोर बोलायचं. मी अजून हो म्हटलेलं नाही.

हवालदार, तुमचं देणं माझ्यावर आहे. शहापुरात तो वर्ग मी एक दिवस घेईन. सगळ्यांसमोर उभा राहीन आणि बुटांपासून सुरुवात करीन.