कॅरिबियन नाइटमधला गुलाम

साहेबांनी प्लास्टिकची साखळी माझ्या गळ्यात घातली आणि सगळी मीटिंग रूम हसली.

सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातलं आमचं ऑफिस. अ‍ॅन्युअल डिनरची थीम ‘कॅरिबियन नाइट’. त्यात एक छोटं नाटक: साहेब उसाच्या मळ्याचे मालक, मी गुलाम. त्यांनी चाबूक उगारायचा, मी नाचायचं.

"ह्याला मेकअपसुद्धा नको," साहेब इंग्रजीत म्हणाले. मग कानाशी येऊन मराठीत, "नाचगाणं तुमच्या लोकांच्या रक्तातच असतं."

साहेब पुण्याचे. माझ्या आडनावातली जात त्या ऑफिसात फक्त त्यांनाच वाचता येत होती.

मीही हसलो. हे सांगायलाच लाज वाटते. बायकोला सातवा महिना. माझा तिथं काम करायचा पास संपत आलेला. रिन्यूअलच्या पत्रावर सही साहेबांची.

आम्ही क्लेमेंटीला भाड्यानं राहायचो, त्याच फ्लॅटमध्ये शेजारच्या खोलीत हैतीची एक बाई राहायची. युनिव्हर्सिटीत संशोधन करायची. एक जानेवारीला तिनं आम्हाला भोपळ्याचं सूप दिलं.

"आमचे पूर्वज गुलाम होते, हे मालकांसाठी शिजवायचे. स्वतः चाखायचीही बंदी. मग त्यांनी बंड केलं, मालकांना हाकललं. आज आमचा स्वातंत्र्यदिन, म्हणून घरोघर हेच."

मी तिला नाटकाचं सांगितलं. तिनं विचारलं, "बंड कुठल्या प्रवेशात आहे?"

"नाहीये."

"मग ती आमची गोष्ट नाही."

एक जानेवारीला आमच्या घरचे सगळे भीमेकाठी विजयस्तंभाला जातात. सिंगापूरला आल्यापासून मी हे कुणाजवळ बोललोही नव्हतो. लपून राहत होतो. जिवंत, आणि लपून.

पुढच्या तालमीला साखळी काढली. टेबलावर ठेवली.

"मी हे करणार नाही."

"इट्स जस्ट फन, लाह," एचआरची मुलगी सिंगापुरी हेलात म्हणाली.

साहेब मराठीत म्हणाले, "पासचं पत्र माझ्याकडे आहे."

"माहीत आहे. म्हणूनच इतके दिवस गप्प होतो."

पास रिन्यू झाला नाही, आम्हाला भारतात परतावं लागलं. दिवस भरत आलेले, म्हणून प्रवासाला हरकत नाही अशी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन बायको विमानात बसली. पोटावर हात धरून. "आता बाळंतपण कुठं?" तिनं विचारलं. मुलगी सरकारी दवाखान्यात झाली. खाट मिळाली नाही, जमिनीवर गादी टाकली.

आठ महिने नोकरी नव्हती. एका कंपनीच्या फॉर्मवर रकाना होता, आधीची नोकरी का सोडली. "‘वैयक्तिक’ लिहा, सगळे तेच लिहितात," तिथला क्लार्क म्हणाला. भला माणूस होता.

मी लिहिलं, "साहेबानं जात काढली. मी ऐकून घेतलं नाही."

ती नोकरी मिळाली नाही. पुढच्या फॉर्मवरही तेच लिहिलं. उद्या आणखी एक भरायचाय. त्यावरही तेच लिहिणार.