अडगळीच्या खोलीची किल्ली

पोस्ट ऑफिसच्या जिन्याखाली एक पत्र्याची टपरी आहे. तिथे किल्लीवाले बसतात. साठीचे असतील. तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या, एक जुनं यंत्र, दोन-चार कानशी आणि बोटांच्या रेषांत कायमचा बसलेला पितळेचा कीस. नाव विचारलं तर हसतात. "लोक दाराबाहेर अडकले की माझी आठवण काढतात. तेव्हा नाव विचारायला सवड कुणाला असते?"

किल्ली हातात घेतली की ते एकच प्रश्न विचारतात, "कुठल्या दाराची?" मलाही विचारलं होतं.

"अडगळीच्या खोलीची," मी म्हणाले.

ती माझ्या लेकीच्या खोलीची होती. लेक आंघोळीला गेलेली असताना मी तिच्या पर्समधून काढून आणली होती.

लेक एकोणतीस वर्षांची आहे, नोकरी करते. गेल्या वर्षी तिने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. त्यातून वाचली, पण दारू सुटेना. ती कामावर गेली की मी रोज तिची खोली उघडायचे, उशा चाचपायचे, कपाटात नाक खुपसायचे. एकदा बाटली सापडली. मी ती मोरीत ओतली आणि पाणी भरून जागच्या जागी ठेवली. केवढी माझी हुशारी! पहिल्याच घोटात तिला सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी तिने आतून कडी घातली ती दुपार झाली तरी काढली नाही. हाका मारून माझा घसा बसला. शेवटी किल्लीवाल्यांना फोन केला, दार तोडायला या म्हणून.

ते आले, आणि हत्यारांची पेटी न उघडताच दाराशेजारी जमिनीवर बसले.

"अहो, बसताय काय? उघडा ना!"

"उघडतो, ताई. आधी विचारू द्या." त्यांनी एका बोटाने टकटक केली. "मी किल्लीवाला. तुमच्या आईंनी बोलावलंय. नुसतं 'हं' म्हणा. काहीच आवाज आला नाही तर मला दार उघडावं लागेल, ते आधीच सांगून ठेवतो."

आतून आवाज आला, "जा इथून."

"जाईन. आवाज ऐकून बरं वाटलं. एकच विचारतो. जीव द्यायचा विचार येतोय का मनात?"

मी त्यांचा खांदा धरला. "भलतंसलतं काय विचारता तिला!" त्यांनी माझ्याकडे न बघता नुसता हात वर केला.

लेक म्हणाली, "सकाळपासून."

वर्षभरात मी तिला जेवलीस का विचारलं, कुठे होतीस विचारलं, तोंडाला वास कसला येतोय विचारलं. हे कधी विचारलं नव्हतं.

"काही घेतलंय का?"

"नाही. गोळ्या आहेत जवळ."

"दाराखालून सरकवाल? मी आईंकडे देतो."

"आईला नको. तिच्याकडे या खोलीची किल्ली आहे. चोरासारखी येते रोज."

किल्लीवाल्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. त्यांना अडगळीची खोली आठवली असणार. मी मान खाली घातली. ते दाराकडे तोंड करून म्हणाले, "ती किल्ली मी बनवली. नीट चौकशी न करता बनवली. चूक माझी आहे."

खोटं मी बोलले होते, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण दाराखालून गोळ्यांची पाकिटं सरकत बाहेर येत होती, आणि मी त्या म्हाताऱ्या माणसाच्या आड लपले होते.

थोड्या वेळाने कडी निघाली. त्यांच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हॉस्पिटलचा नंबर खडूने लिहिला होता. त्यांनी तो लावला, नर्सशी लेकीचं बोलणं करून दिलं आणि आमच्याबरोबर रिक्षात बसून डॉक्टरांकडेही आले. बाहेरच्या बाकावर मी विचारलं, हे सगळं कुठे शिकलात?

"पूर्वी एक दार मी चार मिनिटांत उघडलं होतं, ताई. तेव्हा अशा वेगावर फार मिरवायचो. आतला माणूस आमची गर्दी बघून घाबरला आणि त्याने खिडकीतून उडी टाकली. जगला, पण चालत नाही आता. मग याच हॉस्पिटलात आठ शनिवार वर्ग केला, जीव द्यायला निघालेल्या माणसाशी कसं बोलायचं त्याचा. सगळ्या नर्सा, आणि मागच्या बाकावर मी. वाटलं, हाकलतील. नाही हाकललं." मग हळूच म्हणाले, "ती किल्ली मला परत आणून देऊ नका. जिच्या खोलीची आहे तिला द्या."

चार दिवस ती माझ्या बटव्यात होती. आज जेवण झाल्यावर लेकीच्या हातात ठेवली. "किल्लीवाल्यांची चूक नव्हती. मी त्यांना खोटं सांगितलं होतं."

तिने किल्ली घेतली, आत गेली आणि कडी घातली.

मी दाराशेजारी जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. तो प्रश्न तोंडातून बाहेर पडेना. शेवटी विचारला, शब्दन् शब्द, त्यांनी विचारला होता तसा.

"आज नाही," ती आतून म्हणाली. आणि मग, "आलाच, तर सांगेन."

खरं सांगेल का, माहीत नाही. रात्रीचे दोन वाजून गेलेत. तिच्या दाराला पाठ लावून हे लिहिते आहे. आतून कूस बदलल्याचा आवाज येतो, तेव्हा पेन थांबतं.