एका माणसाचं वजन

ये गं जवळ, किती दिवसांनी तोंड दाखवतेस! काशीमिऱ्याला एक मेकॅनिक आहे, टायर अंगठ्याने दाबतो, बोनेटला कान लावून डोळे मिटतो, त्याच्याकडे माझी छोटी गाडी नेली. अ‍ॅव्हरेज फार घसरलं होतं. हवा, फिल्टर, ब्रेक सगळं ठीक निघालं.

म्हणाला, "काकी, गाडी एका माणसाचं वजन जास्त ओढतेय."

"अरे, मी एकटीच तर फिरते!"

तुझे काका वारल्याचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्याने चप्पल काढली, डावीकडचं दार उघडलं आणि हळूच म्हणाला, "उतरा काका, आता काकी जातील एकट्या."

मी थांब म्हणेपर्यंत त्याने दार लावलंसुद्धा.

अ‍ॅव्हरेज सुधारलंय. पण त्याच्याकडे परत जाववत नाही. रविवारी पुन्हा ये ना, गाडीत माझ्या शेजारी बसशील.